गाडीखाली थेंब नाही, मग रेडिएटरचं पाणी जातं कुठं? जुन्या पिकअपच्या गळक्या हीटरविषयी

पावसाळा लागला की पहाटेच्या वेळी चोर्ला घाटात एक दृश्य हमखास दिसतं. बेळगावची भाजी घेऊन गोव्याकडे उतरणाऱ्या पिकअपचा ड्रायव्हर एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातात फडकं घेऊन काच पुसत असतो. बहुतेकांच्या काचेवर नुसतं धुकं असतं, ते पुसलं की जातं. काही गाड्यांत मात्र पुसल्यावर काच साफ व्हायच्या ऐवजी तेलकट फराटे उठतात, समोरून येणाऱ्या बसचे दिवे त्या फराट्यांत पसरतात आणि केबिनमध्ये एक गोडसर वास कोंडलेला असतो. चौकशी केली तर ड्रायव्हर सांगतो, ‘रेडिएटरचं पाणीपण कमी होतंय हो, पण खाली कुठं थेंब दिसत नाही.’

हे दोन त्रास वेगवेगळे नाहीत. पाणी जमिनीवर न पडता केबिनमध्ये येतंय. डॅशबोर्डच्या मागे दडलेला हीटर गळतोय.

## हीटर म्हणजे वेगळी शेगडी नव्हे

हीटर म्हटलं की आपल्याला विजेवर लाल होणारी कॉइल आठवते. गाडीच्या हीटरचं तसं नसतं. इंजिनात डिझेल जळतं तेव्हा त्यातली ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जाच चाकं फिरवायच्या कामी येते. उरलेल्यातली बरीच सायलेन्सरमधून जाते आणि बरीच इंजिनाच्या अंगात मुरते. ती मुरलेली उष्णता बाहेर काढायला इंजिनाभोवती पाणी फिरवतात. या पाण्यात गंज रोखणारी औषधं आणि ग्लायकॉल नावाचं रसायन मिसळलेलं असतं, त्याला कूलंट म्हणायचं. कूलंट इंजिनातून तापून निघतं, पुढच्या रेडिएटरमध्ये थंड होतं आणि परत आत येतं.

याच चक्राला एक लहानशी शाखा फुटलेली असते. दोन रबरी पाइप बोनेटच्या आतून केबिनच्या पत्र्याकडे जातात आणि डॅशबोर्डच्या मागे बसवलेल्या वहीएवढ्या जाळीला जोडलेले असतात. ही जाळी म्हणजे छोटा रेडिएटरच. तिलाच हीटर कोअर म्हणतात. पंखा तिच्यावरून हवा फुंकतो, ती हवा गरम होऊन काचेवर किंवा पायांवर येते.

उसाच्या रानात मुख्य पाटाला दांड फोडतात तसा हा प्रकार. दांडाला भगदाड पडलं की पाणी त्याच दांडातून जातं, पण उतरते ती मुख्य पाटाची पातळी, आणि शेवटच्या सरीला पाणी पोचत नाही. हीटरचा कोअर फुटला तर तोटा हीटरचा नसतो, इंजिनाचा असतो. ‘हीटर नाही चालला तर नाही, आपल्याला काय काश्मीरला जायचंय?’ असं म्हणून गळती सोडून देणारे नेमकं हेच विसरतात.

एक खुलासा आधीच करतो. सगळ्या मालवाहू पिकअपमध्ये हीटर असतोच असं नाही. स्वस्तातल्या मॉडेलांत तो दिलेलाच नसतो. बोनेट उघडून इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याकडे बघा. अंगठ्याएवढ्या जाडीचे दोन रबरी पाइप पत्र्यातून आत जात असतील तर हीटर आहे. एसीचे पाइप वेगळे, ते ॲल्युमिनियमचे असतात.

## गळती थेंबाची, नुकसान दाबाचं

दिवसाला अर्धा ग्लास कूलंट गेलं तर काय बिघडलं, भरून टाकू, असं वाटणं साहजिक आहे. पण प्रश्न फक्त पाण्याचा नाही.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे. इतक्या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी १०० अंशांना नव्हे, ९७-९८ अंशांनाच उकळतं. इंजिन तर रोजच ८०-९० अंशांवर चालतं. म्हणजे जेमतेम दहा अंशांची सोय उरते, आणि चढावर ती पुरत नाही. म्हणून रेडिएटरच्या झाकणाला स्प्रिंग असते. झाकणावर ०.९ असा आकडा बऱ्याचदा कोरलेला दिसतो, तो बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीच्या दाबाचा, बार या मापात. कूलंट तापून फुगतं, झाकण त्याला एवढ्या दाबापर्यंत कोंडून ठेवतं, आणि दाबाखालचं पाणी उशिरा उकळतं. ०.९ बारला साधं पाणी ११७ अंशांच्या आसपास उकळेल. निम्मं कूलंट मिसळलं असेल तर हा आकडा सव्वाशेच्या घरात जातो. घाट चढायला लागणारी जागा ही अशी मिळते.

आता कोअरला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं की दाब टिकत नाही. पाणी अजून भरपूर आहे, काटा मधोमध आहे, आणि तरीही चढावर इंजिनाच्या सगळ्यात तापलेल्या कोपऱ्यात पाण्याची वाफ व्हायला लागते. वाफ झाली की तिथली उष्णता वाहून न्यायला पाणीच उरत नाही. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, वाकतं ते अशा वेळी. चोर्ला, अनमोड, आंबोली या तिन्ही घाटांचा चढ बेळगावकडे येतानाच लागतो, म्हणून जाताना शहाण्यासारखी चाललेली गाडी परतताना तापते. आणि भरलेल्या गाडीने निपाणीहून संकेश्वरकडे येताना तवंदीचा घाट लागतो, तो लहान असला तरी अशा गाडीचं सोंग उघडं पाडायला पुरेसा आहे.

## ओल कशाची आहे ते आधी ओळखा

खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पट्ट्यात चार महिने सगळंच ओलं असतं. पायाखालची रबरी मॅट ओली दिसली की हीटरच फुटला असं नाही. केबिनमध्ये पाणी यायच्या तीन वाटा आहेत.

पहिली पावसाची. काचेचं रबर जुनं होतं, किंवा बोनेटच्या मागच्या पन्हळीत पालापाचोळा अडकून पाणी तुंबतं आणि आत झिरपतं. हे पाणी पावसानंतरच येतं, त्याला चिकटपणा नसतो.

दुसरी एसीची. एसी चालू असताना हवेतला ओलावा थंड जाळीवर जमून नळीने बाहेर पडतो. ती नळी चिखलाने बुजली की पाणी केबिनमध्ये सांडतं. हे पाणी स्वच्छ, थंड आणि बिनवासाचं असतं.

तिसरी हीटरची. पांढरा टिश्यू किंवा धुतलेलं पांढरं फडकं त्या ओलीवर दाबून बघा. हिरवा, गुलाबी, निळा किंवा गंजासारखा तांबूस रंग उतरला, बोटांना गुळगुळीत लागलं, गोडसर वास आला, तर कूलंट आहे. चव बघू नका. हे वाक्य चेष्टेने लिहिलेलं नाही, कारण पुढे येईल. ओल बहुतेक वेळा क्लीनर साइडला, डॅशबोर्डच्या मध्यापासून डावीकडे सापडते, कारण हीटरची पेटी सहसा तिथं असते. मॅट उचला, खालचं फोम पिळून बघा. वरून कोरडं आणि खाली चिंब असं अनेकदा निघतं.

काचेचं निदान त्याहून सोपं आहे. श्वासाचं धुकं एसी लावला किंवा काच थोडी खाली केली की विरतं. कूलंटचा थर विरत नाही, साबणाच्या पाण्याने धुवावा लागतो, आणि हीटर गरमवर करून पंखा काचेकडे वळवला की पाच-दहा मिनिटांत परत जमतो. हा प्रयोग अंगणात उभ्या गाडीवर करा, घाटात नको.

## ‘आम्ही हीटर कधी लावतच नाही, मग तो फुटेल कसा?’

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो, आणि तो बिनबुडाचाही नाही. न वापरलेली वस्तू झिजत नाही असा आपला अनुभव असतो.

पण बऱ्याच गाड्यांत डॅशवरचा निळा-लाल खटका फक्त हवेची झडप हलवतो. कूलंट कोअरमधून कायम फिरतच असतं, तुम्ही हीटर लावा की लावू नका. काही जुन्या गाड्यांत पाइपवर कॉक असतो आणि तो बंद केला की पाणी थांबतं. तिथं तर उलटाच घोळ होतो. आत अडकलेलं पाणी वर्षानुवर्षं हलत नाही, गाळ तळाशी बसतो आणि त्या गाळाखाली धातू कुरतडला जातो. दुसऱ्या बाजूच्या पाइपातून दाब येतच असतो, त्यामुळे फुटायचा तो फुटतोच. ज्या गाडीत असा कॉक आहे तिथं महिन्यातून एकदा दहा मिनिटं हीटर गरमवर चालवावा, उन्हाळा असला तरी.

## दोष कोअरचाच आहे हे पक्कं कसं करायचं

डॅशबोर्ड खोलायच्या आधी हे करणं फार गरजेचं आहे, कारण बऱ्याच वेळा कोअर शाबूत असतो आणि पाइपाची क्लिप सैल असते किंवा रबर कडक होऊन तडकलेलं असतं. पत्र्याच्या आतल्या बाजूला असा पाइप गळला तर लक्षणं अगदी कोअरसारखीच दिसतात. दोन रुपयांच्या कामासाठी दोन दिवस गाडी उभी करणारे मिस्त्री आहेत, आणि गिऱ्हाइकाला घाई असली की तेही बिचारे काय करणार.

सगळ्यात खात्रीची चाचणी दाबाची. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून तिथं हातपंप आणि काटा असलेलं टेस्टर बसवतात आणि झाकणावर लिहिलेल्या दाबाएवढी हवा भरतात. त्याहून जास्त नाही, नाहीतर चांगला कोअरही फुटेल. मग पंधरा मिनिटं थांबायचं. काटा खाली आला तर गळती आहे. आता टॉर्च हातात घेऊन बाहेरचे सगळे सांधे, वॉटर पंप, वरचा-खालचा पाइप बघा. बाहेर सगळं कोरडं आणि डॅशच्या खाली थेंब, म्हणजे झालं. हे टेस्टर प्रत्येक गॅरेजात नसतं, पण रेडिएटरचं काम करणाऱ्या दुकानात बहुधा सापडतं.

टेस्टर नसेल तर दुसरा उपाय वेळखाऊ पण पक्का आहे. हीटरचे दोन्ही पाइप इंजिनापासून काढा आणि इंजिनाची ती दोन तोंडं एका पाइपाने एकमेकांना जोडून टाका, म्हणजे कोअर चक्रातून बाहेर पडला. कूलंट भरा, पातळीला खूण करा आणि आठवडाभर नेहमीसारखी गाडी चालवा. पातळी टिकली तर चोर कोअर किंवा त्याचे पाइप.

आणि झाकण. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. वरचा जाड पाइप मुठीत धरवेल इतका निवल्यावरच, फडकं टाकून, आधी अर्धा आटा फिरवून दाब जाऊ द्या. सव्वाशे अंशांचं पाणी अचानक दाबातून सुटलं की त्याची क्षणात वाफ होते, आणि ती तोंडावर येते.

## ‘मिस्त्री म्हणतो हेड उचलावं लागेल’

पाणी कमी होतंय, बाहेर गळत नाही, यावरून अनुभवी मिस्त्रीच्या मनात पहिला संशय हेड गॅसकेटचा येतो. इंजिनाचा वरचा आणि खालचा भाग यांच्यामधली ही पातळ चकती फुटली तर कूलंट सिलिंडरमध्ये जाऊन जळतं आणि खाली थेंब पडत नाही. संशय रास्त आहे. पण हेडचं काम म्हणजे मोठा खर्च, म्हणून पुरावा मागा.

हेड गॅसकेट गेलं असेल तर इंजिन चालू असताना रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येतात (झाकण थंड इंजिनावरच काढून मग स्टार्ट मारायचा). थंड इंजिन सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांतच वरचा पाइप दगडासारखा कडक होतो, कारण पाणी तापायच्या आधीच सिलिंडरमधला दाब त्यात शिरलेला असतो. सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो आणि इंजिन गरम झाल्यावरही थांबत नाही. ऑइलच्या काडीवर दुधाळ चिखल दिसू शकतो. यातलं काहीच नाही, पण काच तेलकट आहे आणि मॅटखाली ओल आहे, तर हेडला हात लावू देऊ नका.

दोन्ही गोष्टी एकाच गाडीत असू शकतात, हेही खरं. कोअर गळत असताना गाडी महिनोन्महिने तापवत चालवली की हेडही जातं.

## हळद, पावडर आणि इतर घरगुती उपाय

रेडिएटर गळला की मूठभर हळद टाकायची ही युक्ती आपल्याकडच्या ट्रक ड्रायव्हरांना चांगली माहीत आहे. ती खोटी नाही. हळदीचे कण गरम पाण्यात फुगतात, पाण्याबरोबर फिरत भोकापाशी येतात आणि बाहेर पडताना तिथंच अडकून बसतात. बाजारात मिळणारी गळती थांबवायची पावडर किंवा बाटली याच तत्त्वावर चालते, तिच्यातले कण फक्त जास्त बारीक आणि चिवट असतात.

अडचण अशी की कणांना भोक कुठलं आणि वाट कुठली हे कळत नाही. हीटरच्या कोअरमधल्या नळ्या रेडिएटरपेक्षाही अरुंद असतात. गळती थांबते तसा कोअरही हळूहळू चोंदतो, मग रेडिएटरच्या तळाला गाळ बसतो, आणि उन्हाळ्यात अथणीच्या सरळ रस्त्यावरही गाडी तापायला लागते. रात्री कणकुंबीच्या जंगलात अडकलात आणि घर गाठायचंय, तर हळद टाका, मी अडवणार नाही. पण घरी पोचल्यावर ते पाणी काढून सगळं धुऊन घ्या.

एम-सील किंवा तत्सम लेपाचं मात्र मला कधीच पटलं नाही. कोअर रोज तापतो-निवतो, फुगतो-आकसतो, त्यात खडबडीत रस्त्याचे हादरे. लेप त्याच्याबरोबर फुगत नाही, कडेने सुटतो. शिवाय लेप लावायला कोअर बाहेर काढावाच लागतो. काढलाच आहे तर धड काम करा.

## बायपास: कामचलाऊ पण प्रामाणिक उपाय

वर सांगितलेली कोअर चक्रातून वगळायची चाचणी, तीच कायम ठेवली की झाला बायपास. खर्च एका पाइपाचा आणि दोन क्लिपांचा. गळती त्याच क्षणी थांबते, इंजिन सुरक्षित राहतं. जुन्या पिकअपवर आणखी दोन-तीन वर्षंच काढायची असतील, गाडी चिकोडी, रायबाग, गोकाकच्या बाजूलाच फिरत असेल, तर मी तरी हाच सल्ला देईन.

दोन्ही तोंडं पाइपाने जोडा, बूच मारून बंद करू नका. काही इंजिनांत थर्मोस्टॅट बंद असताना पाणी फिरायला हीच शाखा उपयोगी पडते. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरची वाट अडवणारी झडप. ही शाखा तोडली तर पाणी एका जागी थांबून थर्मोस्टॅटला खरं तापमान कळत नाही. जोडलेला पाइप सायलेन्सरच्या नळीला किंवा फॅनच्या पट्ट्याला टेकत नाही एवढं बघा.

पण गाडी गोव्याच्या किंवा आंबोलीच्या वाटेवर असेल तर बायपासने दोन गोष्टी हातच्या जातात. एक, पावसात काच साफ ठेवायला लागणारी गरम हवा. एसी असलेल्या गाडीत एसीने हवा कोरडी करून भागतं, नसलेल्या गाडीत फडकं आलं. दुसरी गोष्ट जुने ड्रायव्हर जाणतात: चढावर काटा लालकडे सरकायला लागला की हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा शेवटच्या नंबरवर टाकायचा. हीटर हा दुसरा रेडिएटरच असल्यामुळे तो इंजिनाची काही उष्णता ओढून केबिनमध्ये टाकतो. ड्रायव्हर घामाने निथळतो, पण बाजूला थांबायला सुरक्षित जागा मिळेपर्यंत इंजिन वाचतं. बायपासमध्ये ही सोय गेली.

## बदलायचं ठरलं तर

जुन्या जीपच्या धाटणीच्या गाड्यांत हीटरची पेटी डॅशच्या खाली उघडी लटकलेली असते, ती चार-सहा बोल्ट काढले की हातात येते. नंतरच्या गाड्यांत पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो. एसी असेल आणि हीटरची व एसीची जाळी एकाच पेटीत असेल तर आधी एसीचा गॅस यंत्राने काढून घ्यावा लागतो. पाइप सोडून गॅस हवेत उडवणारा मिस्त्री असेल तर गाडी दुसरीकडे न्या.

पाइप काढताना घाई नडते. वर्षानुवर्षं तापलेलं रबर कोअरच्या नळीला चिकटलेलं असतं. ते पक्कडीने पिळून ओढलं की पातळ नळी मानेपाशी चिरते. जुना पाइप परत वापरायचा नसतोच, म्हणून त्याला ब्लेडने लांबीत चीर द्या आणि सालासारखा सोलून काढा. कुठला पाइप कुठं होता त्याची खूण करा, मोबाइलवर फोटो काढला तरी पुरे.

बाहेर आलेल्या कोअरची तपासणी पंक्चरवाल्याच्या पद्धतीने होते: एक तोंड बंद करून दुसऱ्यातून हलकी हवा भरायची आणि बादलीत बुडवायचं. बुडबुडा येतो तिथं भोक. तांब्या-पितळेचा कोअर असेल तर रेडिएटरवाला त्याला डाख देऊ शकतो, आणि एकच भोक असून बाकीची नळी जाड असेल तर हे काम टिकतं. नळ्या सगळीकडे पातळ झाल्या असतील तर आज इथं डाख दिला की महिन्याभराने शेजारी फुटतं. ॲल्युमिनियमच्या कोअरला साधा डाख बसत नाही. तिथं नवाच घ्या.

या कामात मजुरी मालापेक्षा जास्त असते, म्हणून डॅश उघडलाच आहे तर दोन्ही पाइप, चारही क्लिपा, कॉक असेल तर तो, आणि कोअरच्या कडेचा फोम हे सगळं त्याच वेळी बदला. फोम नसला तर हवा कोअरच्या बाजूने निसटते आणि नवा कोअर घालूनही हीटर कोमटच राहतो. मग मिस्त्रीला शिव्या बसतात.

कूलंट भरल्यावर आत अडकलेली हवा काढणं हा शेवटचा आणि सगळ्यात दुर्लक्षित टप्पा. गाडीचं तोंड चढाकडे करून उभी करा, खटका गरमवर ठेवा, थंड इंजिनावर झाकण उघडून स्टार्ट करा आणि थर्मोस्टॅट उघडून खालचा पाइप गरम होईपर्यंत सावकाश भरत राहा. बुडबुडे थांबले की झाकण लावा. डॅशच्या मागून खळखळ आवाज येत असेल तर हवा अजून आहे. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर पातळी बघा आणि आठवड्याने क्लिपा पुन्हा आवळा, कारण नवं रबर दबतं.

## नवा कोअरही फुटेल, जर पाणी तेच असेल

माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचं मूळ इथं आहे आणि याकडेच कोणी बघत नाही. कोअर वयाने फुटत नाही, पाण्याने फुटतो.

जिल्ह्याच्या पूर्वेला काळ्या मातीच्या पट्ट्यात बोअरचं पाणी जड. भांड्यावर पांढरे डाग ठेवणारं तेच पाणी रेडिएटरमध्ये जातं, आणि गरम पृष्ठभागावर त्याचा चुना बसतो. कोअरच्या अरुंद नळ्या त्याने आधी चोंदतात. यावर पश्चिमेकडचे लोक म्हणतील, ‘आमच्या खानापूरच्या विहिरीचं पाणी तर हलकं आहे, चुना नाहीच.’ बरोबर, पण हलक्या पाण्यातही गंज रोखणारं औषध नाही. लोखंडी इंजिन, तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा कोअर, पितळी सांधे, हे वेगवेगळे धातू एकाच पाण्यात बुडालेले असले की बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि त्यातला एक धातू झिजत जातो. कूलंटमधली औषधं धातूवर पातळ थर धरून ही क्रिया रोखतात. ती औषधं कालांतराने संपतात आणि कूलंट आंबट होत जातं. हिरव्या रंगाच्या जुन्या पद्धतीच्या कूलंटचं आयुष्य साधारण दोन वर्षं, नव्या प्रकारच्याचं पाच वर्षांपर्यंत असतं. रंगावरून प्रकार ठरवू नका, कंपन्या हवा तो रंग घालतात. डब्यावर वाचा आणि दोन प्रकार मिसळू नका.

दुसरं कारण विजेचं. आपल्याकडच्या पिकअपवर म्युझिक सिस्टिम, एलईडी पट्ट्या, तीन सुरांचे हॉर्न, देवाच्या फोटोभोवतीचे दिवे, काय काय जोडलेलं असतं, आणि त्याची अर्थिंग जिथं बोल्ट सापडेल तिथं. अर्थिंग धड नसली की वीज परतीची वाट शोधत कूलंटमधून जाते आणि जाताना कोअर खाते. हे तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. थंड इंजिनावर झाकण उघडा, मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी तार बॅटरीच्या मायनसला आणि लाल तारेचं टोक कूलंटमध्ये बुडवा, धातूला न टेकवता. मग गाडी सुरू करून एकेक वस्तू लावत जा. ०.१ व्होल्टपर्यंत ठीक. ०.३ च्या पुढे गेलं तर लवकर हात घालायला हवा. एखादं बटण दाबल्यावरच आकडा उडी मारत असेल तर त्या वस्तूची अर्थिंग सरळ बॅटरीपर्यंत नीट ओढून घ्या. गाडी बंद करून बॅटरी सोडली, काळी तार इंजिनाच्या धातूला टेकवली आणि तरीही आकडा तसाच राहिला, तर दोष विजेचा नाही, कूलंटमधली औषधं संपलीत.

‘कूलंट महाग पडतं,’ हा शेवटचा आक्षेप. तयार मिसळलेलं न घेता घट्ट घेतलं आणि बॅटरीच्या दुकानात मिळणाऱ्या डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं केलं तर खर्च बराच खाली येतो. आपल्याकडे थंडीत पाणी गोठत नाही, म्हणून कूलंट लागत नाही असं म्हणणारे भेटतात. पाणी गोठू न देणं हा त्याचा एक उपयोग झाला. आपल्याला ते लागतं गंज थांबवायला आणि उकळी लांबवायला.

काढलेलं जुनं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड आणि पोटात गेलं तर मूत्रपिंड निकामी करणारं विष आहे. कुत्री-मांजरं ते चाटतात, लहान मूल पाण्याच्या बाटलीतलं सरबत समजून पिऊ शकतं. म्हणून उरलेलं कूलंट कधीही पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ठेवू नका. कोणाच्या पोटात गेलं तर त्रास व्हायची वाट न बघता, घरगुती उपाय न करता, डबा सोबत घेऊन लगेच मोठ्या दवाखान्यात जा. सुरुवातीचे काही तास माणूस नुसता दारू प्यायल्यासारखा दिसतो आणि तिथंच फसगत होते.

वाटेत पाणी कमी पडलं आणि जवळ कूलंट नसेल, तर इंजिन निवल्यावर जे स्वच्छ पाणी मिळेल ते घाला, कोरड्या इंजिनापेक्षा ते केव्हाही चांगलं. असं साधं पाणी एक-दोन लिटर घातलं असेल तर मात्र पुढच्या सर्व्हिसची वाट न बघता सगळं काढून, डिस्टिल्ड पाण्याने खळबळून, नव्याने भरून घ्या.